तेल प्यायलेला पाचू

आमच्या मजल्यावर दौलत नाईकधुरेच्या घरात गेली वीसेक वर्षं काही तळलेलं नाही. गणपतीतसुद्धा नाही. वडे, भजी, पुऱ्या, जे काय असेल ते त्याची बायको माया माझ्या घरी येऊन तळते, तिथेच उभ्याउभ्या खाते आणि तोंड धुऊन परत जाते. दौलतला तेलाचा वास सोसत नाही. नुसतं नाक मुरडून थांबत नाही, तो उठून सरळ मोरीकडे धावतो. लालबागच्या चाळीत राहून असलं सोवळं पाळायचं म्हणजे चेष्टा होणारच. पोरं त्याला मागून ‘उकडीचा’ म्हणतात.

या माणसाबद्दल मला सांगायचंय, पण गोड बोलायचा माझा विचार नाही हे आधीच सांगून ठेवते. परळच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं असिस्टंट आहे. वासांची मला सवय झाली, माणसांच्या मूर्खपणाची काही अजून होत नाही.

दौलत आणि मी एकाच वयाचे, याच मजल्यावर वाढलेले. त्याचा बाप गिरणीत ऑइलर होता, साच्यांना, म्हणजे मागांना, तेल घालत फिरायचा. गिरणी बंद पडली, बाप खाटेला खिळला, आणि दौलत गिरगावात हितेंद्र शेठच्या पेढीवर लागला. पुढच्या खोलीत पांढरी चादर, ट्यूबलाइट आणि खड्यांच्या पुड्या. मागच्या खोलीत दौलत. काम एकच, पाचूला तेल पाजायचं. ‘खडा तेल पितो’ असंच त्या धंद्यात म्हणतात. ‘बाप साच्याला पाजायचा, मी दगडाला पाजतो,’ असं दौलत सांगायचा. सुरुवातीला हसून सांगायचा. नंतर नंतर सांगेनासा झाला.

पाचूला तेल कशाला लागतं, हे पोथ्या-पंचांगात लिहिलेलं नसतं, म्हणून मी सांगते. बेरिल नावाचं एक खनिज आहे. बेरिलियम, ॲल्युमिनियम आणि वाळूतलं सिलिका यांचं, सहा बाजूंचे खांब होऊन वाढणारं. ते अगदी शुद्ध असलं तर त्याला रंगच नसतो, बाटलीच्या काचेसारखं दिसतं, कुणी ढुंकून बघणार नाही. जमिनीच्या पोटात वाढताना त्यात चिमूटभर क्रोमियम शिरलं, की ते हिरवं होतं आणि पाचू म्हणवून घेतं. म्हणजे ज्या हिरव्यावर राजेरजवाड्यांनी जीव टाकला, तो मुळात मळ. आणि लोक तोच खडा घेऊन ‘शुद्ध आहे ना, शुद्ध आहे ना’ करत फिरतात. काचेवर ओरखडा काढण्याइतका तो कठीण असतो, पण आतून भेगाळलेला. बिनभेगेचा पाचू औषधाला मिळणं मुश्कील. त्या भेगांत उजेड अडकतो, खडा पांढरट आणि रोगट दिसतो. भेगेत तेल शिरलं की ती दिसेनाशी होते. भेग बुजत नाही, नुसती लपते.

एका रविवारी दौलतने मला कागदाच्या पुडीतून एक न घासलेला तुकडा दाखवला होता. करंगळीच्या पेराएवढा, सहा बाजूंचा. गॅलरीत ऊन होतं. त्याने तो उन्हात धरला आणि भिंग माझ्या हातात दिलं. आत एक स्वच्छ खोल हिरवा होता, आमच्या गावच्या भाताच्या तरव्यासारखा, आणि त्यात बारीक रेषा, बुडबुडे, कुठे शेवाळ्यासारखं काहीतरी. मी बघतच राहिले.

‘परदेशातले व्यापारी या आतल्या जाळ्याला बाग म्हणतात,’ दौलत म्हणाला. ‘याला मी हात लावलेला नाय. हा असाच आलाय वर. मेघना, अशा दगडासाठी मी धंद्यात राहिलो.’

त्याला खडे आवडतात, हे ऐकून ठेवा. नुसता पोटार्थी असता तर त्याला मळमळलं नसतं.

बिनरंगी तेल पाजणं ही जुनी चाल आहे. गिऱ्हाइकाला सांगून विकलं तर त्यात पाप नाही. पण आठ-दहा वर्षांपूर्वी पेढीवर एक बिनलेबलचा कॅन आला. हिरवं तेल. फिक्कट, कुणी रस्त्यात टाकलेला उचलणार नाही असा खडा त्यात मुरवला की गडद होऊन बाहेर येतो. हे खडे जायचे दादरच्या विक्रांत गुरुजींकडे. गुरुजींचं एसी ऑफिस आहे, मोबाईलवर रोज सकाळी त्यांचं भविष्य येतं, आणि त्यात दर तिसऱ्या माणसाचा बुध बिघडलेला असतो. बुध बिघडला की पाचू. चामडीला चिकटेल असा, खालून उघड्या अंगठीत, करंगळीत, बुधवारी घालायचा. आमच्या मजल्यावर सात करंगळ्यांत पाचू आहेत, आणि त्या सातांपैकी एकाचीही अक्कल वाढलेली मला दिसलेली नाही.

आता गंगूबाई. आमच्या शेवटच्या खोलीतल्या. मुलगा जहाजावर, सून एका मॉलमध्ये रात्री नऊपर्यंत उभी, त्यामुळे नात श्रेया यांच्या ताब्यात. श्रेया अकरा वर्षांची. ती अडखळत बोलते. पहिल्या अक्षरावर अडकते आणि ते अक्षर सुटता सुटत नाही. मीच मागे लागून तिला परळच्या हॉस्पिटलात बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमकडे पाठवलं होतं. त्या मॅडमनी घरच्यांना एक गोष्ट हात जोडून सांगितली होती: तिचा शब्द तुम्ही पुरा करू नका. थांबा.

आमच्याकडे थांबणार कोण? पोरीने ‘पा… पा…’ म्हणायचा अवकाश, तीन बाया ‘पाणी काय गो?’ करत धावतात. पोर गपचूप पाणी पिते. तिला पापड हवा असतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि अशा वेळी मला या सगळ्या मायाळू बायांचा मनापासून तिटकारा येतो.

चैत्रात गंगूबाई तिला घेऊन गुरुजींकडे गेल्या. वाणीचा कारक बुध, तो नीचीचा, सव्वातीन रत्तीचा पाचू घाला, असं गुरुजींनी सांगितलं. अंगठी आली. पोरीच्या करंगळीत ती सैल होत होती म्हणून दोरा गुंडाळला होता. आणि हॉस्पिटलात जाणं बंद झालं. ‘आता खडो असा मां, मगे परळाक कित्याक तंगडे तोडूचे?’ असं गंगूबाईंनी मला विचारलं. मी काय केलं? एकदा ‘तसं नाही हो’ म्हटलं आणि गप्प बसले. शेजारधर्म! या शब्दाखाली किती घाण झाकली जाते, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

अंगठी आली त्याच संध्याकाळी गंगूबाईंनी दौलतला गॅलरीत गाठलं.

‘दौलत, बघ रे मेल्या. तू ह्याच धंद्यातलो. काय दिल्यानी ता बघ.’

दौलतने खिशातून भिंग काढलं. पोरीचा हात धरून खड्यात बघितलं आणि तो तसाच वाकलेला राहिला. खड्याच्या मधोमध मोडक्या कंगव्यासारखी भेग होती. ती त्याच्या ओळखीची होती. पंधरा दिवसांपूर्वी तोच खडा त्याने त्या हिरव्या कॅनमधल्या तेलात मुरवला होता.

श्रेया त्याच्याकडे बघत होती. ‘काका, हा ख… ख…’

‘खरो काय, म्हणान इचारता ता,’ गंगूबाईंनी पुरं करून टाकलं.

दौलतने भिंग मिटलं. ‘खरा आहे,’ तो म्हणाला.

मग तो मोरीत वीस मिनिटं हात घासत होता. मी दारात जाऊन उभी राहिले.

‘काय खोटं बोललो?’ मी काही विचारलेलं नसताना तो म्हणाला. ‘काच नाय, प्लास्टिक नाय. पाचूच आहे.’

‘मग हात कसले धुतोयस?’

त्याने पुन्हा साबण लावला.

पुढे श्रावण संपता संपता जे झालं ते आमच्याच माणसांना सुचू शकतं. गणपतीच्या आधी आमच्याकडे घरातलं सोनं रिठ्याच्या पाण्यात उकळून घासायची पद्धत आहे. मंगळसूत्र, पाटल्या, कुड्या, सगळं एका पातेल्यात, वर चिमूटभर सोडा. गंगूबाईंनी श्रेयाची अंगठीही त्यात टाकली. देवाच्या कामाला शुद्ध होऊ दे, म्हणून. चांगली अर्धा तास रटरटली. पाटल्या लखलखीत निघाल्या. पाचू निघाला तो आंधळ्या डोळ्यासारखा, पांढराफटक, भेगाच भेगा.

मला वाटलं, चला, सुटली पोर. आता तरी फसवणूक कळेल. मी सव्वीस वर्षं रसायनं हाताळते, पण हे रसायन मला अजून कळलेलं नाही. गंगूबाई रडत दादरला गेल्या आणि हसत परत आल्या. सोबत पेढ्यांचा पुडा.

‘पेढो घे गो मेघना, तोंड गोड कर. माझ्या नातीवर मोठा गंडांतर होता. खड्यान झेलल्यान! गुरुजी म्हणाले, माणूसच गेला असता, खड्यान आपल्यावर घेतल्यान. आता पाच रत्तीचो होयो.’

झेललं! शब्द बघा. खडा शाबूत राहिला तर गुण आला, फुटला तर संकट झेललं. दोन्हीकडून गुरुजींचंच घर भरतं. आणि मजल्यावरच्या बायका हळहळून मान डोलावत होत्या. ‘नशीब हो गंगूबाई, खडा होता म्हणून!’ एकीने तर त्या मेलेल्या खड्याला हळदकुंकू वाहिलं. पाच रत्तीच्या खड्यासाठी गंगूबाईंच्या त्याच लखलखीत पाटल्या जाणार होत्या. श्रेया कोपऱ्यात उभी होती. एप्रिलपासून तिचा एकही व्यायाम झालेला नव्हता, आणि आता ती ‘पा’सुद्धा म्हणत नव्हती. नुसतं बोट दाखवायची.

दौलत पेढा हातात धरून उभा होता.

‘काय चुकला नाय हो माझा,’ गंगूबाई सांगत होत्या. ‘दर बुधवारी कच्च्या दुधात अंगठी बुडवून ठेवी, आणि ता दूध चेडवाक पाजी. एक थेंब टाकूक दिलंय नाय.’

‘पोरीला काय पाजी?’ दौलतने विचारलं.

‘दूध. हिरवा हिरवा होय. खड्याचो गुणच तो!’

दौलतने पेढा कठड्यावर ठेवला. मोरीपर्यंत तो पोचलाही नाही. गॅलरीतल्या बादलीवर ओणवा झाला आणि पोटातलं सगळं बाहेर पडलं. बायका ‘शी शी’ करत मागे सरल्या. माया पाणी घेऊन धावली. त्याच्या पाठीवरून हात फिरवताना मी फक्त एवढंच ऐकलं, ‘त्या कॅनवर लेबल पण नाय गो. लेबल पण नाय.’

रविवारी सकाळी तो एक छोटी बाटली घेऊन आला. पेढीवरून आणली होती, हिरव्या तेलाची. मजल्यावरच्या सगळ्यांना त्याने गॅलरीत बोलावलं. आपल्या आयुष्यात त्याने पहिल्यांदाच कुणाला बोलावलं असेल. माझ्या घरून त्याने गॅसची छोटी शेगडी आणि पळी मागून घेतली. पळीत तेल ओतलं, कोमट केलं आणि तो पांढरा पडलेला खडा अंगठीसकट चिमट्याने आत सोडला. त्याचा चेहरा वासाने आंबला होता, पण तो हलला नाही.

‘नीट बघा,’ तो म्हणाला. ‘हे तेल मी घालतो. पेढीवर, मागच्या खोलीत. ह्याच खड्यात मीच घातलं होतं. तुम्ही उकळलात, तेल गेलं. गंडांतर-बिंडांतर काय नाय. हा दगड तेल पितो, तेल ओकतो. बस्स.’

खडा हळूहळू हिरवा होऊ लागला. आधी कडा, मग मधली कंगव्यासारखी भेग एकेका दातासकट पुसली गेली. पंधरा-वीस मिनिटांनी त्याने तो बाहेर काढून फडक्याने पुसला आणि गंगूबाईंसमोर धरला. चैत्रात होता तसाच गडद.

माझा जीव भांड्यात पडला. एवढं डोळ्यांदेखत दाखवल्यावर कोण काय बोलणार?

गंगूबाईंनी हात जोडले. खड्याला नाही, दौलतला.

‘जिवंत केल्यान गो,’ त्या म्हणाल्या. ‘मेललो खडो जिवंत केल्यान.’

‘अहो, तेल आहे ते!’ मी ओरडले.

‘मग मारुतीला नाही तेल घालत आपण?’ शेजारची एक म्हणाली. ‘शनीला नाही घालत? देवालाही तेल लागतंच की.’

‘हाताला गुण आहे दौलतच्या,’ दुसरी म्हणाली. ‘उगाच नाही घरात तळण वर्ज्य.’

म्हणजे त्याची मळमळसुद्धा यांनी व्रतात जमा केली! समोर शेगडीवर पळी होती, ती उचलून कुणाच्या तरी डोक्यात घालावीशी वाटली. वीट, किळस, शिसारी, मराठीत आहेत तेवढे शब्द मला त्या क्षणी कमी पडले.

तेवढ्यात श्रेया पुढे आली. पळीकडे बोट दाखवून म्हणाली, ‘ते… ते… तेल.’

एवढ्या माणसांत खरं काय ते त्या पोरीला कळलं होतं, आणि ते तिने तोंडाने सांगितलं. कित्येक दिवसांनी तिचा शब्द ऐकू आला होता. पण झालं भलतंच.

‘बोल्लां! चेडू बोल्लां गो!’ गंगूबाईंनी तिला छातीशी धरलं. ‘खडो जागो झालो आणि चेडू बोल्लां!’ टाळ्या पडल्या. अंगठी पुन्हा पोरीच्या करंगळीकडे निघाली.

दौलत माझ्याकडे बघत होता. मग त्याने गंगूबाईंचा हात धरला, अंगठी काढून घेतली आणि अगदी वेगळ्या, हळू आवाजात बोलू लागला. गुरुजींसारखा.

‘गंगूबाय, आता ऐका. मी सांगतो तसं केलं नाय तर हा पुन्हा मरेल. ही बोटात घालायची नाय, देव्हाऱ्यात ठेवायची. दूध बंद. दुधाचा एक थेंब लागता कामा नये. दुसरा खडा आणाल तर हा रुसेल, पाटल्या घरातच राहू देत. आणि दर बुधवारी पोरीला परळच्या त्या मॅडमकडे न्यायचं. बुधाचं काम आहे, बुधवार चुकता कामा नये. त्या सांगतील ते व्यायाम रोज केले तरच खडा जागा राहणार. आणि तिचा शब्द कुणी पुरा करायचा नाय. कुणी केला, तर खडा त्याच दिवशी पांढरा पडेल.’

गंगूबाईंनी मान डोलावली. सगळ्या मजल्याने मान डोलावली. गेल्या वर्षभरात मी आणि त्या मॅडमनी घसा कोरडा करून जे जमवलं नाही, ते एका मिनिटात झालं. सगळे पांगल्यावर दौलत शेगडी पुसत बसला.

‘बरं केलंस,’ मी म्हणाले. ते म्हणताना माझीच मला लाज वाटली.

‘पुन्हा तेलच पाजलं मेघना,’ तो म्हणाला. ‘खरं सांगितलं तर उलटून पडलं. दुसरं काय येतं मला?’

ती बाटली त्याने परत नेली नाही, माझ्याकडे दिली, कॉलेजात फेकायला. पण पेढीवर तो अजून जातो. हिरव्या कॅनला हात लावणार नाही असं त्याने शेठला सांगितलं, आणि शेठने वाद न घालता त्यासाठी दुसरा माणूस ठेवला. खडे तेवढेच जातात दादरला. उगाच कुणी टाळ्या वाजवू नयेत, म्हणून हेही सांगितलं.

पुढच्या बुधवारी गंगूबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून पोरीला परळला नेण्याचं काम दौलतने घेतलं. अर्धी रजा टाकून. मी कॉलेजला त्याच वाटेने जाते, म्हणून सोबत होते. श्रेया वेणी घालून, वही घेऊन मध्ये चालत होती. करंगळीत दोऱ्याचा पांढरा वळ तेवढा राहिला होता. हॉस्पिटलच्या फाटकाशी ती थांबली आणि दौलतचा शर्ट ओढला.

‘काका, तुम्ही ख… ख…’

मला तो शब्द माहीत होता. दौलतलाही माहीत होता. चैत्रातल्या संध्याकाळी ती काय विचारत होती आणि आपण काय पुरं करू दिलं, हेही त्याला आठवलं असणार, कारण त्याचे कान लाल झाले. मी तोंड उघडलं, त्याने हाताने मला थांबवलं. माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी जात होती. तो गुडघ्यांवर हात ठेवून तिच्याएवढा वाकला आणि वाट बघत राहिला.

‘ख… ख… खोटं बोललात.’

‘हो,’ दौलत म्हणाला. ‘दोन्ही वेळा.’